न्याय्य युद्धाची कैफियत

युद्ध पुकारणाऱ्या कोणत्याही राज्यकर्त्याने आपला पक्ष अन्यायाचा आहे असे कबूल केल्याचे इतिहासाच्या दफ्तरात क्वचितच आढळेल. पूर्वी निदान राज्यविस्ताराची आकांक्षा राजाला शोभणारी मानली जाई आणि दिग्विजयाला निघताना त्याला कोणापुढे सबबी सांगाव्या लागत नसत. परंतु १९२८ च्या पॅरिस करारानंतर, आणि विशेषतः १९४५ साली संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने परमुलखावर बळाचा वापर करण्यास मनाई केल्यानंतर, आक्रमणाचा आरोप प्रत्येक सरकारने आपल्या शत्रूसाठी राखून ठेवला, ठिकठिकाणच्या युद्धखात्यांची संरक्षणखाती झाली, आणि जगात केवळ प्रतिकाराचीच युद्धे होऊ लागली, ज्यांत दोन्ही बाजू प्रतिकारच करीत असतात. त्यामुळे अमुक युद्धाला नैतिक समर्थन आहे की नाही, एवढेच विचारून फारसे काही हाती लागत नाही. समर्थन प्रत्येकाजवळ तयार असते. ते कोणत्या प्रतीचे आहे, तेच उद्या दुसऱ्याने आपल्याविरुद्ध उचलले तर आपण ते ऐकून घेऊ काय, आणि तोफा थंडावल्यावर समर्थन करणारा हिशेब द्यायला उभा राहतो काय, हे विचारले पाहिजे.

हे प्रश्न दुसऱ्याच्या युद्धाला लावणे अगदी सुकर आहे. इराकवर २००३ साली अमेरिकेने स्वारी केली, तिच्यासाठी पुढे केलेली संहारक अस्त्रे नंतर सापडलीच नाहीत, हे आता शाळकरी मुलगाही सांगेल. तेथे नीतिविचार करायला धैर्य लागत नाही, कारण दोष परभारे दुसऱ्याच्या माथी जातो. खरी कसोटी लागते ती आपल्या युद्धाने, आणि त्यातही जे आपण मनोमन न्याय्य मानतो त्याने. असे युद्ध शोधायला मराठी वाचकाला सावंतवाडीच्या फार पलीकडे जाण्याचे कारण नाही. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय फौजेने गोवा, दमण आणि दीव घेतले. ती कारवाई न्याय्य होती, असे माझे मत आहे आणि ते मी आरंभीच सांगून ठेवतो; परंतु आपल्या सरकारने तिचे जे समर्थन जगापुढे मांडले ते तिच्या योग्यतेचे नव्हते, आणि न्याय्य युद्धासाठी वापरलेला सदोष युक्तिवाद त्या युद्धाबरोबर संपत नाही, तो पुढच्या अन्यायी युद्धाच्या कामी येतो, असेही माझे म्हणणे आहे.

कारवाई न्याय्य का, हे प्रथम पाहू. १८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहिया सभेत बोलायला उभे राहिले आणि पोलिसांनी त्यांना धरून नेले, तेव्हा ज्या हक्कासाठी त्यांनी कायदा मोडला तो राज्य उलथून टाकण्याचा हक्क नव्हता. सरकारी परवान्यावाचून चार माणसांपुढे बोलता यावे, एवढीच ती गोष्ट होती. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या अंमलात छापील मजकुरावर इतकी कडक नजर असे की लग्नाची निमंत्रणपत्रिकाही छापण्यापूर्वी सेन्सॉरकडून मंजूर करून आणावी लागे. आणि ज्या राज्यात वधूवरांची नावे आणि मुहूर्तसुद्धा सरकारी शिक्क्याखालून जातात तेथील प्रजेने स्वातंत्र्याची मागणी सनदशीर मार्गाने करावी, असा उपदेश करणाऱ्याला तेथे सनद म्हणजे काय होती हे ठाऊक नसावे. गोव्याच्या राष्ट्रीय चळवळीचे जनक त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना त्याच वर्षी पकडून लष्करी न्यायासनापुढे उभे करण्यात आले आणि थेट पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात नेऊन डांबण्यात आले.

स्वतंत्र भारताने या प्रकरणी घाई केली, असे त्याचा शत्रूही म्हणू शकणार नाही. १९५० साली दिल्लीने लिस्बनकडे वाटाघाटीचा खलिता धाडला. त्याला मिळालेले खरे उत्तर म्हणजे १९५१ ची घटनादुरुस्ती, जिच्यायोगे पोर्तुगालने आपल्या वसाहतींचे एका लेखणीच्या फटक्यासरशी 'सागरपार प्रांत' करून टाकले आणि वाटाघाटीचा विषयच उरला नाही असे जाहीर केले. १९५३ साली भारताने लिस्बनमधील आपली वकिलात बंद केली. पुढल्या वर्षी दादरा आणि नगरहवेली स्वयंसेवकांनी मुक्त केल्या, तेव्हा त्या मुलखाकडे जाण्यासाठी पोर्तुगीज फौजेला वाट न देण्यापलीकडे भारताने पाऊल टाकले नाही. त्यावर पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात फिर्याद गुदरली, आणि भारत तेथे चार वर्षांहून अधिक काळ रीतसर हजर राहिला.

सत्याग्रहाचा मार्गही चोखाळून झाला होता. मे १९५५ मध्ये नानासाहेब गोरे पहिल्या तुकडीबरोबर सरहद्द ओलांडून गेले. बरोबर सेनापती बापट होते, आणि त्यांची पंचाहत्तरी जवळ आली होती. सत्याग्रह्यांना बेदम मारहाण झाली, आणि पुढे गोऱ्यांना दहा वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. मधू लिमये यांना त्यामागोमाग बारा वर्षांची झाली. त्यानंतर १५ ऑगस्टचा तो दिवस आला. बांद्याहून पत्रादेवीकडे जाणारा रस्ता, श्रावणातला पाऊस, हातात तिरंगा आणि अंगावर भिजलेले कपडे, अशा स्थितीत देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली माणसे नाक्यापलीकडे पाऊल टाकीत होती, आणि समोरून बंदुका चालत होत्या. वीसहून अधिक माणसे त्या दिवशी निरनिराळ्या नाक्यांवर मरण पावली. मेलेल्यांत पंजाबचा कर्नैलसिंग होता, ज्याचा गोव्याशी काडीचा संबंध नव्हता. गोळ्या लागून पडलेल्यांत मध्य प्रदेशातील सागरकडच्या सहोदराबाई राय होत्या. त्यांच्यापैकी कोणाहीजवळ शस्त्र नव्हते, ही गोष्ट पुढल्या सगळ्या वादात ध्यानी ठेवली पाहिजे. कारण अहिंसक प्रतिकाराने भागत असताना भारताने शस्त्र उचलले, असे म्हणणाऱ्यांना पत्रादेवीचा नाका ओलांडूनच पुढे जावे लागते.

या गोळीबारानंतर महाराष्ट्रात संतापाची जी लाट उसळली तिच्यापुढे कोणतेही दुर्बल सरकार वाहून गेले असते. पंडित नेहरू वाहून गेले नाहीत. त्यांनी उलट सामुदायिक सत्याग्रहाला मनाई केली, गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, आणि फौज मात्र बराकीतच ठेवली. याबद्दल मराठी सभांतून आणि वर्तमानपत्रांतून त्यांच्यावर जी आग पाखडली गेली तिच्यात काही न्याय होता आणि बराचसा अन्याय होता. आज मागे वळून पाहताना असे वाटते की १९५५ साली फौज न पाठवल्यामुळेच १९६१ साली ती पाठवण्याचा अधिकार भारताला प्राप्त झाला. जो शेवटचा उपाय म्हणून आपण सांगतो तो खरोखरच शेवटचा होता हे सिद्ध करायला मधली वर्षे लागतात, आणि ती वर्षे तुरुंगात काढणाऱ्यांच्या यातनांनी ती विकत घ्यावी लागतात, हा त्यातला क्रूर भाग आहे.

येथे आपल्या घरातला एक जुना वाद आठवणे अप्रस्तुत होणार नाही. १९२० च्या आरंभी टिळकांनी गांधींच्या 'यंग इंडिया'कडे पत्र धाडून, राजकारण हा संसारी माणसांचा व्यवहार आहे, तेथे शठाशी शाठ्याने वागण्याला शास्त्राची मान्यता आहे, अशी आपली बाजू मांडली. आणि गांधींनी शठाशीही सत्यानेच वागावे, असे उत्तर दिले. या दोन थोर पुरुषांचे अनुयायी तेव्हापासून एकमेकांना निरुत्तर करीत आले आहेत. परंतु युद्धाच्या प्रश्नात खरी अडचण या दोहोंच्या मधल्या जागेत आहे: समोरचा माणूस शठ आहे हे ठरवायचे कोणी, कोणत्या पुराव्यावर, आणि त्याला किती संधी दिल्यावर? महाभारतकाराने हा प्रश्न टाळलेला नाही. उद्योगपर्वातली कृष्णशिष्टाई पाच गावांच्या मागणीपर्यंत खाली येते. आणि ती मागणी नैतिक बळ देते ते एवढ्याचसाठी की दुर्योधनाने पाच गावे दिली असती तर पांडवांना ती घेऊन गप्प बसावे लागले असते. जी अट शत्रूने मान्य केली तरीही आपण लढणारच होतो, ती अट म्हणजे शिष्टाई नव्हे, युद्धाच्या तयारीचाच तो एक भाग होय. ही कसोटी नेहरूंच्या पहिल्या चौदा वर्षांना लावली तर ती टिकते. सालाझारने हस्तांतराची बोलणी करण्याचे नुसते तत्त्वतः मान्य केले असते, तर भारताला ते दार लोटून फौज आत घालणे अशक्य झाले असते.

शेवटच्या महिन्याविषयी मात्र इतक्या निःशंकपणे बोलता येत नाही. नोव्हेंबर १९६१ मध्ये कारवारनजीकच्या अंजदीव बेटावरून 'साबरमती' या प्रवासी बोटीवर गोळीबार झाला आणि त्यानंतर एका कोळ्याचा बळी गेला, हे खरे. परंतु एवढ्यासाठी एका राज्याचे राज्य घेणे प्रमाणाबाहेरचे ठरते, आणि जो या प्रसंगावरच सगळ्या कारवाईचा डोलारा उभारील त्याचे म्हणणे कोणतेही न्यायासन उचलून धरणार नाही. शिवाय फेब्रुवारी १९६२ ची सार्वत्रिक निवडणूक तोंडावर होती, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन उत्तर मुंबईत आचार्य कृपलानींविरुद्ध उभे होते, आणि मुहूर्ताशी या गोष्टीचा काही संबंध नव्हता असे शपथेवर सांगणारा साक्षीदार मिळणे कठीण. मला वाटते, हेतू संमिश्र होते, आणि सरकारांचे हेतू नेहमीच संमिश्र असतात. हेतूत खोट सापडली म्हणून न्याय्य कारण अन्याय्य होत नाही, पण कारण न्याय्य आहे म्हणून ती खोट लपवण्याचेही प्रयोजन नाही.

प्रत्यक्ष लढाई छत्तीस-चाळीस तासांत आटोपली. भारताचे बावीस जवान कामी आले, पोर्तुगालची सुमारे तीस माणसे मेली. अंजदीववर उतरलेल्या नौसैनिकांपैकी सात जण त्या एका बेटावरच पडले. संख्या एवढ्यावर राहिली याचे श्रेय जितके भारतीय सेनापतींच्या संयमाला आहे तितकेच, निष्पक्षपणे बोलायचे तर, पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांच्या आज्ञाभंगालाही आहे. १४ डिसेंबरला सालाझारने त्यांना फर्मान पाठवले होते की शरणागतीचा विचारही करू नये, आपले सैनिक एक तर विजयी असतील किंवा मृत. या फर्मानाप्रमाणे वागायचे तर पणजी आणि मुरगाव यांची राखरांगोळी झाली असती. वासालो इ सिल्वांनी १९ डिसेंबरच्या रात्री साडेआठच्या सुमारास शरणपत्रावर सही केली, आणि त्याबद्दल मायदेशी गेल्यावर सैन्यातून बडतर्फी पत्करली. ती रद्द व्हायला लिस्बनमधील हुकूमशाही कोसळावी लागली. हजारो माणसांचे प्राण ज्या निर्णयाने वाचले तो पराभूत पक्षाच्या एका अधिकाऱ्याने आपल्या राष्ट्राचा हुकूम मोडून घेतला, ही गोष्ट विजयाच्या आपल्या कथनात सहसा येत नाही. ती यायला हवी.

आता समर्थनाकडे वळू. १८ डिसेंबरला सुरक्षा परिषदेपुढे हा मामला आला तेव्हा अमेरिकेचे अॅडलाय स्टीव्हन्सन यांनी भारतावर सनदेच्या भंगाचा कडक ठपका ठेवला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये क्यूबाच्या किनाऱ्यावर अमेरिकेच्या चिथावणीने जी स्वारी झाली तिच्यात आपल्या सरकारचा हात नसल्याचे याच गृहस्थांनी याच संयुक्त राष्ट्रसंघात सांगितले होते, त्यामुळे त्यांच्या सात्त्विक संतापाला पोकळ नाद येत होता. युद्धबंदी आणि सैन्य मागे घेणे यांची मागणी करणाऱ्या ठरावाला सात मते पडली, विरोधात सोव्हिएट रशिया, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक यांची चार. रशियाच्या नकाराधिकाराने ठराव बारगळला. पण फिर्यादी दांभिक आहे म्हणून आरोपी आपोआप निर्दोष ठरत नाही. भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा यांनी तेथे जी बाजू मांडली तिचा आशय असा की गोवा हा भारताचाच भाग असल्यामुळे स्वतःच्या मुलखावर आक्रमण होऊच शकत नाही. १५१० ची पोर्तुगीज स्वारी हेच खरे आक्रमण आणि ते आजतागायत चालू आहे. आणि वसाहतवादाचा अवशेष नष्ट करणे ही आमची निष्ठा आहे, मग सनद असो वा नसो, सुरक्षा परिषद असो वा नसो.

या युक्तिवादाने मराठी मनाला गुदगुल्या होतात, कारण त्याला आपल्या इतिहासाची साथ आहे. संभाजीराजे १६८३ साली गोव्याच्या वेशीपर्यंत जाऊन थडकले, चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई घेतली. राहिलेले काम स्वतंत्र भारताने पुरे केले, असे म्हणताना छाती फुगते. पण तर्काचा निवाडा छातीच्या मापाने होत नाही. साडेचारशे वर्षांपूर्वीची स्वारी आजही चालू असलेले आक्रमण ठरत असेल, तर अल्बुकर्कने गोवा ज्याच्याकडून घेतले तो विजापूरचा आदिलशहा तेथे कोणत्या हक्काने होता, आणि जगात अशी कोणती सरहद्द आहे जिच्या मुळाशी कोणाची तरी स्वारी नाही? हेगच्या न्यायालयाने १२ एप्रिल १९६० च्या निवाड्यात दादरा-नगरहवेलीकडे फौज न जाऊ देण्याचे भारताचे वर्तन गैर ठरवले नाही खरे, पण खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरती पोर्तुगालची वहिवाट मान्य केली, म्हणजे त्या भागावरचे त्याचे स्वामित्व गृहीतच धरले. आणि ज्या सनदेचा आधार आपण कोरियापासून सुएझपर्यंत प्रत्येक तंट्यात इतरांना दाखवला, ती असो वा नसो, असे म्हणून आपण तिची गरज लागण्याच्या ऐन आधी तिला झटकून मोकळे झालो. पुढे दहा महिन्यांतच चीनची फौज हिमालय उतरली, तीही ब्रिटिश साम्राज्याने आखलेल्या रेषा आम्हाला बंधनकारक नाहीत, असे सांगतच.

हाच युक्तिवाद इतरत्र काय करतो हे पाहायचे तर पूर्व तिमोरकडे पाहावे. तोही पोर्तुगालचाच अंमल असलेला मुलूख, एका मोठ्या, नव्याने स्वतंत्र झालेल्या आशियाई राष्ट्राच्या कुशीत वसलेला. नकाशा पाहून निर्णय द्यायचा तर गोव्याची दुसरी प्रत. ७ डिसेंबर १९७५ रोजी इंडोनेशियाच्या फौजा दिलीत उतरल्या, पुढल्या वर्षी तो आपला प्रांत झाल्याचे जकार्ताने जाहीर केले, आणि त्यानंतरच्या चोवीस वर्षांत लढाईने, उपासमारीने आणि रोगराईने किमान लाखभर माणसे मेली असावीत. ३० ऑगस्ट १९९९ रोजी तेथील लोकांना अखेर विचारण्यात आले, तेव्हा ७८ टक्क्यांहून अधिक मते इंडोनेशियापासून अलग होण्याच्या बाजूने पडली. वसाहतवादाचा अवशेष, भूगोलाची सलगता, एकच पोर्तुगीज धनी, सगळी लक्षणे जुळत होती. जुळत नव्हते ते एकच, तेथील लोकांची इच्छा, आणि निर्णायक तेच होते. कुवेत हा साम्राज्यवाद्यांनी इराकपासून तोडलेला तुकडा आहे म्हणून सद्दाम हुसेनने १९९० साली त्याला आपला एकोणिसावा प्रांत ठरवले. युक्रेन हे मुळात निराळे राष्ट्रच नाही, असा इतिहास अगोदर लिहून रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी फौजा घातल्या. मी या सर्वांना गोव्याच्या पंगतीला बसवीत नाही. मी म्हणतो ते इतकेच की १५१० सालाचे जे प्रमेय आपण सुरक्षा परिषदेत मांडले ते यांच्यापैकी कोणालाही नाकारता येत नाही, आणि ज्या प्रमेयाने न्याय्य आणि अन्याय्य यांत भेदच होत नाही ते न्यायाचे प्रमेय नव्हे.

भेद करणारे प्रमेय आपल्याजवळ होते. डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने गोव्यासह पोर्तुगालच्या सर्व ताब्यांना स्वशासन नसलेले प्रदेश म्हणून नोंदवले होते, आणि त्यांची माहिती देण्यास पोर्तुगाल बांधलेला आहे असे ठरवले होते. ते त्याने धुडकावले होते. तेथील प्रजेला मत नव्हते, सभा नव्हती, छापखाना मोकळा नव्हता. बोलणी, सत्याग्रह, नाकेबंदी आणि न्यायालय हे चारही मार्ग क्रमाने चोखाळून झाले होते. आणि योजलेले बळ कार्यापुरते होते. आम्ही आमची जमीन घेत नाही, या लोकांचा हरवलेला शब्द त्यांना परत मिळवून देतो आणि तो त्यांनी कसा वापरला यालाही आम्ही बांधील राहू, असे भारताने म्हटले असते तर ते सनदेशी पूर्णपणे जुळले नसते कदाचित, परंतु इंडोनेशियाला किंवा चीनला ते उसने घेता आले नसते.

आणि नवल असे की जे आपण बोललो नाही ते आपण बऱ्याच अंशी करून दाखवले. डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत गोव्याच्या भूमीवर काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही. ज्या पक्षाच्या सरकारने फौज पाठवली त्याला मुक्त झालेल्या लोकांनी साफ नाकारले, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, आणि दिल्लीने तो कौल मुकाट्याने मानला. १६ जानेवारी १९६७ च्या सार्वमतात प्रश्न महाराष्ट्रात विलीन होण्याचा होता; विलीनीकरणाच्या बाजूने सुमारे १ लाख ३८ हजार मते पडली, विरोधात सुमारे १ लाख ७२ हजार, आणि आपण महाराष्ट्रीयांनी, जे पत्रादेवीला रक्त सांडले म्हणून गोव्यावर आपला निराळा हक्क समजत होतो, तो पराभव हळहळत का होईना, पचवला. भारतात राहायचे की नाही, असा थेट प्रश्न गोवेकरांना कधी विचारला गेला नाही, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे; तरीही ज्यांच्या नावाने युद्ध केले त्यांना आपल्याला न आवडणारे उत्तर देण्याची मुभा देणे आणि ते उत्तर पाळणे, यापेक्षा सबळ पुरावा युद्धाच्या न्याय्यतेबद्दल सहसा मिळत नाही. १९६१ च्या डिसेंबरातल्या दोन दिवसांचे खरे समर्थन मला १९६७ च्या त्या मतमोजणीत दिसते.

हिशेबात बाकीही निघते. मोहन रानडे हे गोव्याच्या मुक्तीसाठी लढलेले, १९५५ साली जखमी होऊन पकडले गेलेले कार्यकर्ते. गोवा मुक्त झाला तेव्हा ते पोर्तुगालच्या तुरुंगात होते. भारताच्या हाती तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज युद्धकैदी होते, त्यांची १९६२ च्या मेपर्यंत पाठवणी झाली, आणि रानडे सुटले ते जानेवारी १९६९ मध्ये. युद्ध न्याय्य ठरवणाऱ्याने मेलेल्यांची आणि मागे राहिलेल्यांची ही नोंदही त्याच वहीत ठेवली पाहिजे. राजाजींनी त्या वेळी या कारवाईवर टीका केली, लष्करी बळाविरुद्ध बोलण्याचा नैतिक अधिकार भारताने घालवला असे लिहिले, आणि त्याबद्दल त्यांना भरपूर शिव्या खाव्या लागल्या. मला त्यांचा निष्कर्ष मान्य नाही. पण विजयाच्या गुलालात उभे राहून असे बोलणारा वयोवृद्ध माजी गव्हर्नर जनरल ज्या देशात निर्भयपणे हिंडू शकतो, त्या देशाचे युद्ध त्या टीकेमुळे दुबळे न होता अधिक विश्वासार्ह होते, हे मात्र मला मान्य आहे.

यावर आक्षेप येईल की शत्रू दारात असताना असा कीस काढणे हे रिकामटेकड्यांचे काम आहे. शत्रू खरोखर दारात असेल तर त्या क्षणी दार राखावे, यात वाद नाही. सनदेनेही स्वसंरक्षणाचा हक्क अबाधित ठेवला आहे. परंतु बहुतेक युद्धे अशी अवचित येत नाहीत, ती महिनोन्महिने शिजतात, आणि त्या काळात सरकारला प्रश्न विचारणारा नागरिक हाच सैनिकाचा खरा कैवारी असतो, कारण मरायला जो जाणार आहे त्याला वाद घालण्याची मुभा नसते. म्हणून माझी सूचना अगदी व्यावहारिक आहे. सरकारने फौज सरहद्दीपार धाडण्याचा निर्णय घेतला की त्याची कारणे, चोखाळलेले इतर मार्ग आणि अपेक्षित शेवट यांची लेखी कैफियत संसदेपुढे ठेवावी, आणि युद्ध संपल्यावर ठराविक मुदतीत तिच्यातील प्रत्येक कलमाचा झाडा द्यावा. हे अव्यवहार्य नाही. इराकच्या युद्धात ब्रिटन का आणि कसे पडले याची चिलकॉट चौकशी झाली आणि २०१६ साली तिचा अहवाल छापून लोकांच्या हाती आला. कारगिलच्या लढाईनंतर के. सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल आपल्याच संसदेपुढे मांडला गेला. उलट १९६२ च्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने साठ वर्षे उलटून गेली तरी अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. ज्या सरकारला आपले कारण लिहून देता येते आणि नंतर त्या लिखिताला बांधील राहता येते, त्याच्या हाती तलवार सोपवायला नागरिकाने कचरू नये. ज्याला ते लिहून द्यायचेच नाही, त्याच्या इतिहासाच्या आणि अस्मितेच्या व्याख्यानांना टाळ्या वाजवण्यापूर्वी आपण उद्या शेजाऱ्याच्या तोंडून तेच व्याख्यान ऐकायला तयार आहोत काय, एवढे ज्याने त्याने स्वतःला विचारून पाहावे.